मिळून कथा लिहायची साईट करतोय – कुणाचं वाक्य कुणी बदलायचं?

पायथ्याचा (धागाकर्ता) | शनिवार, रात्री ११:२०

मंडळी, नमस्कार. मी साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला राहतो आणि लोकांच्या दुकानांच्या साईटी बनवून पोट भरतो. आता एक साईट स्वतःच्या हौसेखातर करायची म्हणतोय. पाचसात जणांनी मिळून एक कथा लिहायची जागा.

दोन वर्षांमागं आम्ही आठ जणांनी व्हॉट्सॲपवर साखळी कथा लिहिली होती. एकानं दोन परिच्छेद टाकायचे, पुढच्यानं पुढं न्यायचं. मधेच कुणी गुलाबाचं फूल टाकणार, कुणी विचारणार उद्या पाणी येणार का, आणि कथेचा तुकडा वर वाहून जाणार. एका रात्री दोघांनी एकदमच पुढचा भाग टाकला. एकात नायक पुण्याच्या गाडीत बसला, दुसऱ्यात तोच त्याच वेळी वडूजच्या स्टँडवर भेळ खातोय. खरा कुठला, यावरून जी जुंपली ती ग्रुप मोडेपर्यंत. कथा तशीच राहिली.

म्हणून आता कागदावर असा आराखडा काढलाय. प्रत्येक तुकडा वेगळा, साधारण १५० ते ४०० शब्दांचा. त्याखाली 'पुढे लिहा' हे बटण. एकाच तुकड्यापासून दोघांनी दोन दिशांना लिहिलं तर दोन्ही राहतील, कथेला फाटा फुटेल, वाचणाऱ्यानं आपल्या पसंतीच्या वाटेनं जावं. डेटाबेसमध्ये प्रत्येक तुकड्याजवळ फक्त त्याच्या आईचा, म्हणजे आधीच्या तुकड्याचा क्रमांक ठेवायचा, बाकी सगळं झाड त्यावरून आपोआप उभं राहतं. आणि मुख्य नियम: दुसऱ्याच्या तुकड्याला कुणीही हात लावायचा नाही. स्वल्पविरामालासुद्धा.

हे चालेल का? कुठं फसेल? मोकळेपणानं बोला.

फुकटसल्ला | शनिवार, रात्री ११:३४

गूगल डॉक्स नावाची एक वस्तू असते. लिंक पाठवायची, झालं काम. पेढे कधी देताय? (हलके घ्या.)

पायथ्याचा | शनिवार, रात्री ११:५१

ते करून झालंय. दोघांनी मिळून सोसायटीचं पत्र लिहायला डॉक्स झकास. कथेत काय होतं, रात्री एक जण येतो, त्याला तुमचं वाक्य जड वाटतं, तो ते काढतो. तुम्हाला सकाळी चहा पिताना कळतं. जुनी आवृत्ती सापडते, पण ती उघडून 'माझं वाक्य परत आण' म्हणायचं म्हणजे भांडण काढल्यासारखंच. बहुतेक लोक काही बोलत नाहीत, लिहायचे बंद होतात.

मिरजजंक्शन | रविवार, सकाळी ८:१०

धागा चांगला आहे, वाचनखूण साठवली.

हा प्रयोग मोठ्या प्रमाणावर होऊन गेलाय. २००७ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये पेंग्विन प्रकाशन आणि लेस्टरच्या डी मॉन्टफर्ट विद्यापीठानं 'ए मिलियन पेंग्विन्स' नावाची विकी-कादंबरी चालवली होती. कुणीही यावं, कुठलंही वाक्य बदलावं. पाचेक आठवड्यांत दीड हजाराच्या आसपास लोकांनी नावं नोंदवली. एका बहाद्दरानं जिथं तिथं केळी घुसडायला सुरुवात केली. शेवटी केळ्यांचीच एक वेगळी आवृत्ती निघाली. कादंबरी म्हणून जे उरलं ते सलग वाचायच्या लायकीचं नव्हतं.

विकिपीडियात वाद झाला तर संदर्भ मागता येतो. कथेत आजी मेली की नाही याला संदर्भ कुठून आणणार? त्यामुळं 'हात लावायचा नाही' हा तुमचा नियम बरोबर आहे. एससीपी फाउंडेशन नावाची भयकथांची इंग्रजी साईट २००८ पासून साधारण अशीच टिकून आहे. ज्याचं पान त्याचं, बाकीचे मत देतात, फार उणे मतं पडली की पान काढतात. सगळ्यांना बांधील अशी एकच 'खरी' आवृत्ती त्यांनी ठेवलेलीच नाही.

पण तुमच्या झाडात एक गोम आहे. प्रत्येक तुकड्याला दोनच फाटे फुटले असं धरा. दहाव्या पायरीला ५१२ टोकं होतात आणि एकूण तुकडे १,०२३. वाचणारा एका वाटेनं जाणार, म्हणजे दहा तुकडे वाचणार. उरलेल्या १,०१३ तुकड्यांच्या लेखकांनी काय गोट्या खेळायच्या?

फुकटसल्ला | रविवार, सकाळी ८:२६

मराठी माणसाला फाटे फोडायची सोय, आणि तीही अधिकृत! साईट तुफान चालणार बघा.

वाईकरीण | रविवार, सकाळी १०:०५

मी शाळेत मराठी शिकवते. दुसऱ्याच्या वाक्याला हात लावू नये, याला माझं दोन्ही हात वर करून अनुमोदन. आम्ही चौघी-पाचजणींनी मिळून एक कथा लिहिली होती. माझ्या तुकड्यात म्हातारी दारातून विचारते, 'आवं, कुटं निगाला एवड्या रातचं?' पुढच्या बाईंनी शुद्धलेखन तपासता तपासता त्याचं केलं, 'अहो, इतक्या रात्री कुठे निघालात?' म्हातारी एका रात्रीत सदाशिव पेठेत राहायला गेली की हो!

त्यांचा हेतू चांगलाच होता, तेच तर अवघड. तेव्हा तुमच्या साईटवर ती शुद्धलेखनाची लाल रेघ संवादांच्या खाली येऊ देऊ नका.

दुसरं, नावाचं. तीच कथा पुढं एका दिवाळी अंकाला पाठवली. छापून आली, आणि वर नाव एकटीचंच, जिनं पाकीट पोस्टात टाकलं तिचं. बाकीच्यांचे 'आभार' शेवटी बारीक टायपात. तिनं मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही, संपादकांना एकच नाव सोयीचं वाटलं असेल. पण आजही आम्ही लग्नकार्यात भेटलो की तो विषय कुणी काढत नाही.

मी राहते त्या वाईत मराठी विश्वकोश तयार झाला. त्यात नोंद संपली की खाली लिहिणाऱ्याचं नाव असतं. मूळ इंग्रजीतून लिहिणारा एक आणि मराठी करणारा दुसरा असेल तर दोघांची नावं, पुढं कंसात '(इं.)' आणि '(म.)'. शेकडो लोकांनी मिळून लिहिलेलं काम आहे, पण कुणाचं काय ते बोट ठेवून दाखवता येतं. तुम्ही तेवढं करा, बाकी गोड मानून घेऊ.

पायथ्याचा | रविवार, सकाळी १०:४०

ताई, हे सोन्यासारखं सांगितलंत. नाव तुकड्याच्या खालीच, आणि कथा पीडीएफ करून उतरवली तरी ते नाव तुकड्याबरोबरच जाईल. वेगळं पान नको, आभार नकोत. सदाशिव पेठेचं वाचून चहा सांडला.

हळदबाजार | रविवार, दुपारी १:१५

सांगलीतून लिहितोय. तीस-एक वर्षं छापखान्यात काढली, आधी खिळे (शिशाची सुटी अक्षरं) जुळवले, मग डीटीपी (कॉम्प्युटरवरची जुळणी). साईटीतलं मला कळत नाही, पण मराठी अक्षरातलं थोडं कळतं, ते सांगतो.

'दुसर्‍या' आणि 'दुसऱ्या' हे दोन शब्द बघा. डोळ्याला एकच. आतून वेगळे. पहिल्यात साधा र, हलन्त आणि एक न दिसणारा जोडचिन्हाचा कोड बसलेला असतो, दुसऱ्यात नुक्त्याचा (खाली टिंब असलेला) ऱ. कुणी कुठल्या कीबोर्डवर टाईप केलं त्यावर ठरतं. तुमच्या साईटीत शोध असणार, एकानं एक टाईप केलं की दुसरं सापडायचं नाही. पोरानं मला एकदा दोन आवृत्त्या ताडून दाखवणारा प्रोग्राम दिला, तर त्यानं निम्मं पान लाल करून दाखवलं. एक अक्षर बदललेलं नव्हतं! तेव्हा साठवतानाच सगळं एका वळणाचं करून घ्या.

शब्दमर्यादा अक्षरांवर ठेवू नका. 'क्षि' आपल्याला एक अक्षर, कॉम्प्युटर चार मोजतो. शब्दच मोजा.

ओळींत अंतर सढळ ठेवा, इंग्रजीच्या मापानं ठेवलं की वरचा रफार आणि खालचा उकार एकमेकांच्या डोक्यात शिरतात. बटणांवर तर हमखास कापले जातात. आणि पानाची भाषा मराठी आहे हे कोडात कुठंतरी सांगावं लागतं म्हणे, नाहीतर ल आणि श हिंदी वळणाचे येतात. ते मिरजेचे साहेब सांगतील.

मिरजजंक्शन | रविवार, दुपारी १:४०

काका, शंभर टक्के. पानाच्या भाषेच्या जागी 'एमआर' (mr, म्हणजे मराठी) लिहायचं, मग ज्या फॉन्टात सोय असेल तो मराठी ल आणि श आपसूक दाखवतो. एक शब्दाचं काम, पण लोक तयार टेम्प्लेट उचलतात आणि 'ईएन' (en, म्हणजे इंग्रजी) तसंच ठेवतात.

कासपठार | रविवार, दुपारी ३:०२

सगळे लॅपटॉपवाले बोलताय. मी फोनवर लिहितो, तेही बहुतेक एसटीत. यवतेश्वरचा घाट चढताना रेंज येते-जाते. एका साईटवर पाऊण तास लिहिलेलं 'प्रकाशित करा' दाबल्यावर गेलं. 'पुन्हा लॉगिन करा' म्हणाली, लॉगिन केलं तर पान कोरं. तेव्हापासून मी आधी नोट्समध्ये लिहितो, मग चिकटवतो.

एवढंच करा: टाईप करतानाच फोनमध्ये साठवत जा. आणि 'साठवलं' असा एकच शब्द नको. 'फोनमध्ये आहे' आणि 'साईटवर पोचलं' हे वेगळं दिसू द्या. रेंज नसताना हिरवी खूण दाखवणारी साईट खोटारडी.

पायथ्याचा | रविवार, दुपारी ३:२०

भावा, पटलं. दोन खुणा नक्की.

हळदबाजार | रविवार, संध्याकाळी ६:५०

जेवून पडलो होतो, डोक्यात तुमचं झाडच फिरत होतं. एक सांगू का? १८४३ साली आमच्या सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' उभं केलं, हे सगळ्यांना पाठ असतं. पण ते चालायचं कसं? पदं सूत्रधार म्हणायचा. पात्रांना आजच्यासारखी लिहून दिलेली भाषणं नसत, सूत्रधाराचं पद झालं की त्या धाग्यानं आपापल्या मनाचं भाषण करायचं. तमाशातल्या वगाचंही तेच. गोष्ट कुठं जाणार ते ठरलेलं, सोंगाड्या त्यात रोज नवं बोलणार.

म्हणजे मिळून रचायची रीत आपल्याकडं जुनीच आहे. फक्त तिथं एक माणूस असा होता, जो दुसऱ्याच्या तोंडचं वाक्य बदलत नव्हता पण गोष्ट कुठं चाललीय याच्यावर त्याची नजर होती. तुमच्या आराखड्यात तो माणूसच नाही. सगळी पात्रं आहेत, सूत्रधार गैरहजर. मग १,०२३ तुकडे होणार नाहीतर काय होणार?

पायथ्याचा | रविवार, रात्री ९:३०

काका, खरं सांगतो, पहिल्यांदा वाचलं तेव्हा राग आला. सूत्रधार आला की दादागिरी आली. व्हॉट्सॲप ग्रुपवर ॲडमिन होताच की आमच्या, त्यानंच वडूजची भेळ डिलीट केली. मी ती लिहिली होती.

पण मग विचार केला, भेळ गेली म्हणून राग की न विचारता गेली म्हणून? डिलीट करण्याऐवजी तो म्हणाला असता, 'भेळ झकास आहे, पण गोष्ट पुण्याच्या गाडीनं नेतोय, तुझा तुकडा फाटा म्हणून राहू दे', तर मी दोन दिवस फुगलो असतो आणि तिसऱ्या दिवशी परत लिहायला बसलो असतो.

तेव्हा असं बघा. प्रत्येक कथेला एक हमरस्ता. ज्यानं कथा सुरू केली तो सूत्रधार, त्या एका कथेपुरता. हमरस्त्यावर कुठला तुकडा जाईल ते तो ठरवणार. तुकडा टीप लिहून परत पाठवू शकेल. वाक्य बदलू शकणार नाही, पुसू शकणार नाही, त्याला तसं बटणच देणार नाही. न घेतलेले तुकडे फाटे म्हणून तिथंच राहतील, वाचणाऱ्याला हमरस्त्यावरून बाजूची पाटी दिसेल.

मिरजजंक्शन | रविवार, रात्री ९:५५

आता जमलं. हमरस्ता एकच म्हटल्यावर पाळीचा प्रश्न येतो. दोघांनी एकदम लिहायला घेतलं तर एकाची मेहनत वाया. एका वेळी एकानंच लिहावं म्हणून कुलूप लागेल, पण मुदतीचं.

वाईकरीण | रविवार, रात्री १०:०३

कुलूप काय म्हणता, विडा म्हणा! बटणावर लिहा 'विडा उचला'. मुदतीत लिहिलं नाही तर विडा परत तबकात.

पायथ्याचा | रविवार, रात्री १०:०५

'विडा उचला' फिक्स. ७२ तास.

मिरजजंक्शन | रविवार, रात्री १०:२२

मस्त. मग डेटाबेसमध्ये 'विडा उचललाय: हो/नाही' असं ठेवू नका. 'कुणी' आणि 'कधीपर्यंत' एवढंच ठेवा. वेळ उलटून गेली की विडा आपोआप मोकळा, सोडवायला वेगळा प्रोग्राम रात्री उठवायला नको. आणि उचलताना आधी बघा-मग लिहा अशा दोन पायऱ्या करू नका, दोघांना एकाच क्षणी मोकळा दिसेल. 'मोकळा असेल तरच माझ्या नावावर' हे एकाच हुकमात झालं पाहिजे.

आयर्विन५७ | सोमवार, सकाळी ७:४५

उशीर झाला. तांत्रिक चाललंय म्हणून गप्प होतो, पण एक राहतंय.

सांगलीतल्या पुरावर आम्ही पाच जण मिळून लिहीत होतो, २०१९ चा पूर. तिसऱ्या भागात मी आजीला मारलं. म्हणजे कथेत. पाणी चढत होतं, दवाखान्यात नेता आलं नाही, गेली. फार जीव लावून लिहिला होता तो भाग. पाचव्या भागात एक मित्र आला, त्याची आजी गच्चीवर बसून सगळ्यांना भडंग करून घालतेय. त्यानं तिसरा भाग वाचलाच नव्हता. बरं भडंगाचा प्रसंग इतका फर्मास लिहिलेला की काढवेना. शेवटी ती 'शेजारची आजी' केली.

पाण्याचंही तेच. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला इशारा पातळी ४०, धोका ४५ फूट, आणि त्या साली पाणी ५७ च्या वर गेलं हे इथं लहान पोराला माहीत. आणि आमच्या एका भागात ३८ फुटाला हरभट रोडवर होडी! सांगलीतला वाचणारा तिथंच कथा मिटणार.

तेव्हा प्रत्येक कथेची एक कुंडली पाहिजे. कोण जिवंत, कोण गेलं, कोण कुणाचं कोण, कुठला वार, पाणी किती. तुकडा पाठवताना लिहिणाऱ्यानंच तीन ओळी भरायच्या: कोण आलं, कोण गेलं, कुठला दिवस. भरल्याशिवाय तुकडा जाऊच देऊ नका. आणि लिहायच्या खोक्याशेजारी कुंडली उघडी दिसू दे, वेगळ्या पानावर ठेवली तर कुणी बघत नाही.

फुकटसल्ला | सोमवार, सकाळी ७:५८

मंगळ असलेल्या कथांचं काय करणार?

(बाकी गच्चीवरच्या भडंगाचा भाग कुठं वाचायला मिळेल का? सिरियसली.)

कोर्टाचीपायरी | सोमवार, दुपारी २:३०

वाईच्या ताईंच्या दिवाळी अंकाबद्दल. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात 'संयुक्त लेखन' म्हणजे ज्यात एकाचा वाटा दुसऱ्याच्या वाट्यापासून वेगळा काढता येत नाही असं काम. विकीसारखं सगळे सगळ्यांचं बदलणार असतील तर कथा त्या बाजूला जाते. तुमच्याकडे तुकडा वेगळा, खाली नाव वेगळं. म्हणजे प्रत्येक तुकड्याचा हक्क ज्याचा त्याला. चांगलं आहे, पण त्याचा अर्थ असाही की अख्खी कथा छापायची तर प्रत्येकाची परवानगी लागणार. पाचव्या भागाचा लेखक दुबईला गेला आणि फोन उचलत नाही, की पुस्तक अडलं.

म्हणून नाव नोंदवतानाच लेखी विचारून ठेवा. हक्क लिहून घेऊ नका, परवाना घ्या. हक्क हस्तांतर करायचं तर सहीचा कागद लागतो. हौसेच्या साईटला ती डोकेदुखी नको. परवान्यात मुदत मात्र लिहा, नाहीतर कायदा तीही ५ वर्षं धरतो. बाकी तीन गोष्टी साध्या मराठीत: साईटवर ठेवू, पुढच्याला त्यावर पुढं लिहू देऊ, कथा एकत्र छापली तर प्रत्येकाचं नाव सारख्या टायपात.

क्रिएटिव्ह कॉमन्स लावायचा मोह होईल. लावा, पण कळून लावा. 'नाव द्या आणि त्याच अटीवर खुलं ठेवा' हा जो प्रकार विकिपीडिया वापरतो, त्यात कुणी तुमची कथा छापून विकली तरी चालतं, आणि एकदा दिलेला परवाना मागे घेता येत नाही. साठीच्या काकांना हे आधी सांगा, नंतर नको.

आणि लेखक म्हणून नाव सांगायचा हक्क कलम ५७ खाली वेगळा आहे, बाकीचे हक्क विकले तरी तो राहतो. ताई, तुमच्या त्या मैत्रिणीला हे सांगायला हरकत नाही. लग्नकार्यात नको.

वाईकरीण | सोमवार, दुपारी ३:१०

नको हो. आता नातवंडं झालीत दोघींना. पण 'सारख्या टायपात' हे शब्द तेवढे जसेच्या तसे ठेवा.

पायथ्याचा | सोमवार, रात्री १०:१५

काल रात्रभर कोड लिहायला बसणार होतो. बसलो नाही. मिरजेच्या साहेबांनी खाजगी निरोपातून सांगितलं की आधी साईटशिवाय खेळून बघा, आणि ते खरंय. एक साधी स्प्रेडशीट केलीय: क्रमांक, आईचा क्रमांक, कुणाचा, हमरस्ता की फाटा, विडा कुणाकडं, कधीपर्यंत. दुसऱ्या पानावर कुंडली. वाक्यांना हात लागू नये म्हणून तुकडे वेगळ्या फायलीत, फक्त वाचण्यापुरते उघडे.

पहिल्या कथेचे सूत्रधार हळदबाजार काका, त्यांना न विचारताच नेमलंय. कथा पुराचीच पुढं नेऊ, पाच जणांची संमती असेल तर. महिनाभरात जिथं भांडण होईल तिथं काय बांधायचं ते कळेल.

हळदबाजार | सोमवार, रात्री १०:४०

नेमलंत तर नेमलंत. पहिली सूचना: भडंगाचा भाग हमरस्त्यावर राहणार. कुणाला फाटा फोडायचा तर फोडा.

कासपठार | सोमवार, रात्री १०:४४

स्प्रेडशीट फोनवर उघडली. कुंडलीचं पान डावीकडं सरकवल्याशिवाय दिसत नाही. आताच सांगून ठेवतो.

आयर्विन५७ | सोमवार, रात्री ११:०५

पाचही जण तयार आहेत, विचारलं. भडंगवाला तर खूशच आहे. पुढच्या भागाचा विडा मी उचललाय, गुरुवारी रात्रीपर्यंत. काका, कुंडलीत दोन आज्या दिसतायत आणि दोघींच्या पुढं 'जिवंत' लिहिलंय. माझी कुठली, तेवढं झोपायच्या आधी सांगा.